एक पाऊल रोवलेले

१९८३ साली प्रशांत महासागर तापला. एल निन्योच्या त्या तीव्र फेऱ्याने पेरूपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यांची घडी विस्कटली. मासे नेहमीच्या वाटा सोडून गेले आणि माँटेरीच्या उपसागरातून स्क्विड, म्हणजे आपल्या कोकणकिनाऱ्यावरचे माकूल, दिसेनासे झाले. मच्छिमारांचे नुकसान झाले ते झालेच. पण स्टॅनफर्ड विद्यापीठात आणखी दोन माणसे त्याच माकुलाची वाट पाहत होती. एक होता वैद्यक आणि संशोधन यांचे शिक्षण एकाच वेळी घेणारा विद्यार्थी, रोनाल्ड व्हेल. दुसरे होते कनेटिकटहून काही काळासाठी तिथे आलेले प्राध्यापक मायकेल शीट्झ. माकुलाच्या अंगात एक मज्जातंतू असतो, जवळजवळ एक मिलिमीटर जाड. माणसाच्या कुठल्याही मज्जातंतूपेक्षा तो कैक पटींनी जाड. त्याचा आतला गाभा हलक्या हाताने दाबून काचेवर उतरवता येतो आणि पेशीबाहेर आल्यावरही तो गाभा काही तास आपले काम चालू ठेवतो. या दोघांना तो गाभा हवा होता.

त्यांचा प्रश्न जुना होता. मज्जापेशीचे बूड पाठीच्या कण्यात आणि तिचे टोक पायाच्या अंगठ्याजवळ, असे एक मीटरभर अंतर असू शकते. टोकाला लागणारा माल तयार होतो बुडाशी. तो नुसता तरंगत जाऊ दिला तर पोचायला कित्येक वर्षे लागतील. मग तो नेते कोण? १९८०च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडण्याचे नवे तंत्र आले आणि त्या पडद्यावर संशोधकांनी प्रथमच पाहिले की, माकुलाच्या मज्जातंतूत बारीक कण दोन्ही दिशांनी शिस्तीत धावत आहेत. रहदारी दिसली; हमाल मात्र दिसेना.

व्हेल आणि शीट्झ यांच्या मनात उत्तर जवळपास ठरलेले होते. आपले स्नायू आखडतात ते मायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. शीट्झ आणि स्टॅनफर्डचे जेम्स स्पुडिच यांनी नुकतेच असे दाखवले होते की, मायोसिन चिकटवलेले बारीक मणी एका पाणवनस्पतीच्या पेशीतल्या तंतूंवरून सरकतात. मग मज्जातंतूतही तेच होत असणार. फक्त माकूल मिळायचा अवकाश होता, आणि नेमके त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावर माकूल नव्हते. दोघांनी सामान बांधले आणि खंड ओलांडून अटलांटिकच्या किनाऱ्यावरील वुड्स होल इथली सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा गाठली. समुद्राची ती अवकृपा या कथेतला पहिला मोठा उपकार आहे. कारण वुड्स होलला त्यांना टॉम रीझ आणि ब्रूस श्नॅप भेटले, आणि त्या दोघांकडे बारकाईने बघण्याची साधनेही होती आणि नजरही.

आणि बारकाईने बघताच पहिला अंदाज कोसळला. ज्या धाग्यावरून कण धावत होते, तोच धागा त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन पाहिला. तो मायोसिनचा रस्ता नव्हताच. ती सूक्ष्मनलिका होती, पेशीच्या सांगाड्यातली २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. रस्ता वेगळा, तेव्हा चालणाराही वेगळा असला पाहिजे. त्यांनी शुद्ध केलेल्या सूक्ष्मनलिका घेतल्या, मज्जातंतूतून वेगळे काढलेले कण घेतले आणि पेशीचे इंधन असलेले एटीपी घातले. हालचाल फार थोडी झाली. मग गाळून उरलेला मज्जातंतूचा द्रव त्यात घातला आणि कण धावू लागले. म्हणजे चालवणारी गोष्ट त्या द्रवात होती.

संशोधनात प्रत्येक प्रयोगाच्या जोडीला एक निरस प्रयोग करावा लागतो. ज्यात काही घडू नये अशी अपेक्षा असते, तो. इथे तो असा होता: कण अजिबात घालायचे नाहीत, फक्त नलिका आणि द्रव. धावायला कण नाहीत, तेव्हा पडदा शांत राहायला हवा. पण पडद्यावर सूक्ष्मनलिकाच काचेवरून सरपटू लागल्या. द्रवातले कुणीतरी काचेला चिकटून बसले होते आणि आपल्यावर येऊन पडलेली नळी पुढे पुढे ढकलत होते. ज्या तपासणीतून काहीच निघायचे नव्हते, तिनेच चोर पकडून दिला. मला या साऱ्या कथेत हा क्षण सर्वांत प्रिय आहे, कारण आळस करून तो प्रयोग टाळणे किती सोपे होते! पुढे त्याच सरपटीचा माग धरत त्यांनी माकुलाच्या आणि गाईगुरांच्या मेंदूतून ते प्रथिन वेगळे काढले. १९८५ साली 'सेल' या नियतकालिकात ते जगासमोर आले. त्याचे नाव ठेवले कायनेसिन. व्हेल, शीट्झ आणि स्पुडिच यांना २०१२ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

हमाल सापडला, पण तो चालतो कसा, हे कळायला आणखी जवळजवळ २० वर्षे गेली. कायनेसिनला दोन पाय आहेत, एवढे दिसत होते. ते पाय आपल्यासारखे एकापुढे एक पडतात, की आळीसारखे, पुढचा पाय कायम पुढे आणि मागचा त्याच्यामागे ओढला जातो? हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तो तसा का नाही, हे समजण्यासाठी त्या जगाची अवस्था डोळ्यांपुढे आणायला हवी. तिथे पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी अखंड आदळत असतात. वेगात आहोत म्हणून पुढे घरंगळत जाऊ, असे काही तिथे नसते. पाय उचलायला फारसे कष्ट पडत नाहीत. आजूबाजूचा मारा तो केव्हाही उखडून देईल. कष्ट आहेत ते दुसरा पाय सुटू न देण्याचे. दोन्ही पाय एकदम सुटले की चालणारा गेला वाहून. म्हणून कुठल्याही चालणाऱ्या रेणूपुढे दोनच खरे प्रश्न असतात: एक पाय सदैव रोवलेला कसा ठेवायचा, आणि मोकळा पाय मागे न पडता पुढेच कसा पडावा.

१९९३ साली कारेल स्वोबोडा आणि स्टीव्हन ब्लॉक यांनी, श्नॅप आणि श्मिट यांच्यासह, कायनेसिनला एक सूक्ष्म मणी ओढायला लावला. तो मणी त्यांनी लेझरच्या झोतात पकडून ठेवला होता. हा प्रकाशाचा चिमटा आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ साली सिद्ध केला होता आणि त्यासाठी त्यांना २०१८ साली नोबेल मिळाले. मण्याची थरथर इतकी होती की खरी हालचाल तिच्यात बुडून जात असे. तरी आकडे चाळता चाळता त्यात पायऱ्या उमटू लागल्या: ८ नॅनोमीटर, पुन्हा ८, पुन्हा ८. सूक्ष्मनलिकेच्या विटाही नेमक्या तेवढ्याच अंतरावर रचलेल्या असतात. कायनेसिन प्रत्येक विटेवर पाऊल टाकत होते.

हे अंतर किती? ८ नॅनोमीटरचे ते पाऊल फुगवून माणसाच्या ८० सेंटीमीटरच्या पावलाएवढे केले, तर पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा तो एक मीटरचा मज्जातंतू १ लाख किलोमीटरचा होईल. म्हणजे नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडापासून निघून पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा घालण्याएवढा. पावले मोजली तर साडेबारा कोटी. एक कायनेसिन साधारण १०० पावलांनंतर रस्ता सोडते. मग दुसरे तो माल उचलते.

पावलाची लांबी कळली, चाल कळली नव्हती. २००२ साली जेफ गेलेस यांच्या गटाने एक जोरदार पुरावा पुढे केला. दोन पाय आपल्यासारखे एकमेकांना ओलांडत असतील, तर प्रत्येक पावलागणिक कायनेसिनच्या मानेला पीळ पडायला हवा. तो पडत नव्हता. तेव्हा चाल आळीचीच, असा निष्कर्ष निघाला आणि वाद पेटला. तो मिटवला इलिनॉय विद्यापीठातल्या अहमत यिल्दिझ या तुर्की विद्यार्थ्याने. त्याचे गुरू पॉल सेल्विन यांच्या प्रयोगशाळेत एकट्या चमकत्या रेणूची जागा दीड नॅनोमीटरपर्यंत अचूक ठरवता येऊ लागली होती. यिल्दिझने कायनेसिनच्या फक्त एका पायाला चमकता ठिपका लावला. आळीची चाल असेल तर ठिपका दर पावलाला ८ नॅनोमीटरने सरकेल. पाय एकमेकांना ओलांडत असतील तर एका पावलाला तो जागच्या जागी राहील आणि पुढच्याला १६ नॅनोमीटरची उडी घेईल. ठिपका थांबला, मग उडाला, थांबला, उडाला. उड्या १७ नॅनोमीटरच्या आसपास भरल्या. मोजमापाची चूक धरली तर हिशेब चोख. २००४ साली हा निकाल छापला गेला आणि वाद निवला. मागचा पाय पुढच्याला ओलांडून पुढे येतो. तो हवेत असताना पुढचा पाय रोवलेला असतो, आणि एटीपीचा एक रेणू एका पावलाचा खर्च भागवतो.

त्याच वर्षी, २००४च्या फेब्रुवारीत, 'नेचर' नियतकालिकात कायनेसिनच्या भावंडाविषयी एक शोधनिबंध आला. कायनेसिन बहुधा माल पेशीच्या मध्यापासून बाहेर नेते; डायनीन नावाचे दुसरे प्रथिन तो आत आणते. त्या निबंधाचे पहिले लेखक होते रूप मल्लिक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी पदार्थविज्ञानात पीएच.डी. केली होती, तीही घन पदार्थांच्या चुंबकीय गुणांवर. जीवशास्त्राशी त्यांचा तोवर संबंध नव्हता. अमेरिकेत अर्व्हाइन इथे स्टीव्हन ग्रॉस यांच्याकडे त्यांनी लेझरचा चिमटा हाती घेतला आणि डायनीनवर ओझे लादत गेले. ओझे नसताना डायनीन २४ किंवा ३२ नॅनोमीटरची ढांग टाकत होते. ओझे वाढू लागले तशी ढांग आखडत ८ नॅनोमीटरवर आली. घाटात गाडीचा गिअर बदलावा तसा हा रेणू स्वतःचा गिअर बदलत होता. एका रेणूत गिअर!

मल्लिक मुंबईला परतले आणि कुलाब्याला, नेव्ही नगरच्या टोकाशी, समुद्राला लागून असलेल्या त्याच संस्थेत त्यांनी प्रकाशाचा चिमटा उभा केला. आता प्रश्न एकट्याचा नव्हता, जमावाचा होता. एकटे कायनेसिन ५-६ पिकोन्यूटन जोर लावते, एकटे डायनीन जेमतेम १. तरी पेशीच्या आत जड माल ओढायची वेळ आली की अशक्त डायनीन बाजी मारते, हे कसे? त्यांच्या विद्यार्थ्यांनी भक्षक पेशींना प्लास्टिकचे सूक्ष्म मणी गिळायला दिले आणि पेशीच्या पोटातले ते मणीच चिमट्याने पकडले. २०१३ साली 'सेल'मध्ये उत्तर आले. अनेक डायनीन मिळून ओझे वाटून घेतात. पुढचे डायनीन ओझ्याखाली आखूड पावले टाकते, मागची तोवर त्याला गाठतात आणि सगळी एकत्र जुंपून घेतात. शिवाय, ओढ वाढली की त्यांची पकड सुटण्याऐवजी घट्ट होते. कायनेसिनला हे साधत नाही. पुढे २०१६ साली त्यांनी दाखवले की, डायनीन मालाच्या पृष्ठभागावर कोलेस्टेरॉलयुक्त बेटांवर गोळा होतात, आणि काळा आजाराचा परजीवी आपल्या आवरणातल्या एका पदार्थाने हीच बेटे उधळून लावतो. भक्षक पेशीने गिळलेला जंतू म्हणूनच नष्ट होण्याच्या जागेपर्यंत ओढला जात नाही.

एवढ्यावर मुंबईची गोष्ट थांबत नाही. उंदरांच्या यकृतातले चरबीचे थेंब घेऊन मल्लिक यांच्या गटाने, पुण्याच्या आयसरमधील सिद्धेश कामत यांच्या साथीने, विचारले की, पोट भरलेले असताना आणि उपाशी असताना या थेंबांचे काय होते. जेवणानंतर इन्सुलिन वाढते, कायनेसिन थेंबांना चिकटते आणि त्यांना पेशीच्या कडेला ओढते. तिथून चरबी रक्तात जाते. उपवासात इन्सुलिन उतरते, कायनेसिन थेंब सोडते आणि यकृत चरबी आपल्यापाशी राखून ठेवते. ज्या काळात शरीरभरातून चरबी यकृताकडे लोटत असते, त्याच काळात तिचा रक्तातला पूर आवरला जातो. उपवास ज्या समाजाच्या अंगवळणी पडला आहे, त्या समाजाच्या भाषेत ही गोष्ट अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही, याची खंत वाटते. मल्लिक यांना २०१४ साली भटनागर पुरस्कार आणि २०१८ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. नंतर ते मुंबईच्याच आयआयटीत गेले.

निसर्गाचा चालणारा रेणू असा एकेक पदर उलगडत असतानाच, काही माणसांनी तो स्वतःच्या हाताने घडवण्याचा ध्यास घेतला होता. त्यातली एक वाट सुरू झाली होती फार पूर्वी, आणि तीही अपयशातून.

नेड्रियन सीमन हे स्फटिकशास्त्रज्ञ. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथे ते जैविक रेणूंचे स्फटिक बनवू पाहत होते आणि ते बनत नव्हते. नोकरीच्या स्थैर्याचा प्रश्न डोक्यावर होता. १९८०च्या शरद ऋतूत एके दिवशी ते विद्यापीठाच्या मद्यालयात बसून सहा फाटे फुटलेल्या डीएनएचा विचार करत होते. अचानक त्यांना डच चित्रकार एशर यांचे 'डेप्थ' हे चित्र आठवले. त्यात पंखवाल्या माशांची रांगेवर रांग वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे पसरलेली आहे. प्रत्येक मासा सहा फाट्यांच्या सांध्यासारखाच! डीएनए म्हणजे केवळ वंशाची पोथी नव्हे, तर बांधकामाचे साहित्यही होऊ शकेल, हे त्यांना त्या क्षणी उमगले. अ-ट, ग-क अशी त्याची जोडी ठरलेली असते; योग्य अक्षरे लिहिली की दोन धागे आपले आपण येऊन जुळतात. १९८२ साली त्यांनी ही कल्पना मांडली. बहुतेकांनी तिच्याकडे कुतूहलाने पाहिले आणि पुढे गेले. सीमन मात्र चिवटपणे लागून राहिले. १९९१ साली त्यांच्या प्रयोगशाळेत डीएनएचा घनाकृती सांगाडा बनला. ज्या स्फटिकासाठी हे सारे सुरू झाले, तो हातात यायला २००९ उजाडले.

दरम्यान २००० साली बेल प्रयोगशाळेत बर्नार्ड युर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएचा चिमटा केला. त्याला उघडण्या-मिटण्यासाठी इंधनही डीएनएचेच. जोडीच्या धाग्याला एक मोकळी शेपूट ठेवायची. नवा धागा त्या शेपटीला धरून शिरतो आणि जुन्या जोडीदाराला हळूहळू उसवून बाहेर ढकलतो. ही युक्ती मिळताच चालण्याचे दार उघडले, कारण रोवलेला पाय हवा तेव्हाच उखडण्याचा मार्ग सापडला.

२००४ हे वर्ष म्हणूनच विलक्षण ठरले. यिल्दिझचा ठिपका उड्या घेत होता, मल्लिक यांचे डायनीन गिअर बदलत होते, आणि त्याच वर्षी मानवनिर्मित रेणूंनी पहिली पावले टाकली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम शर्मन आणि सीमन यांचा दोन पायांचा डीएनए रेणू आळीच्या चालीने रस्त्यावर सरकला. एक धागा घालून पाय बांधायचा, दुसरा घालून सोडवायचा. प्रत्येक पाऊल माणसाच्या हुकमावर. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जोंग-शिक शिन आणि नाइल्स पिअर्स यांनी पाय एकमेकांना ओलांडणारा रेणू चालवला. पण तोही हुकमाचा बंदा. हुकमाविना चालणारा पहिला रेणू आला पेंग यिन, हाओ यान, ऑक्सफर्डचे अँड्र्यू टर्बरफील्ड आणि जॉन रीफ यांच्याकडून. डीएनए कापणारी आणि सांधणारी विकरे सोबत दिली आणि सहा अक्षरांचा एक तुकडा तीन खुंटांवरून आपला आपण पुढे गेला. मागे वळायची वाट बंद. तीन खुंट म्हणजे दोनच पावले. पण त्या दोन पावलांमागे कुणाचा हात नव्हता.

डीएनएच्या चालणाऱ्यांमध्ये एक अडचण होती. ते कायनेसिनपेक्षा आकाराने फारसे लहान नव्हते आणि सगळी शिस्त त्यांनी डीएनएच्या अक्षरांकडून उसनी घेतलेली होती. रसायनशास्त्रज्ञाला प्रश्न पडतो: अक्षरांचा आधार नसलेला, मूठभर अणूंचा साधा रेणू चालेल का? २००५ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे लुडविग बार्टेल्स यांनी गंधकाचे दोन पाय असलेला एक सपाट रेणू तांब्याच्या पृष्ठभागावर ठेवला. तो वाकड्यातिकड्या भटकंतीऐवजी सरळ रेषेत, एकेक पाय उचलत चालला. दोन वर्षांनी त्यांनी अशाच एका रेणूच्या पाठीवर कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणूही लादून दाखवले. पण तिथे रस्ता म्हणजे अख्खे तांब्याचे अंगण होते. स्वतंत्र रेणूचा रस्ता आणि त्यावर चालणारा दुसरा रेणू, दोन्ही द्रावणात, हे अजून कुणाला जमले नव्हते.

ते आव्हान स्कॉटलंडच्या एडिनबरा विद्यापीठात डेव्हिड ली यांनी उचलले. सोबत मॅक्स फॉन डेलियस हा जर्मन विद्यार्थी आणि एडझार्ड गेर्टसेमा. अडचण तीच जुनी: दोन्ही पाय एकदम सुटता कामा नयेत. द्रावणात कोट्यवधी रेणू असतात. प्रत्येकाचा हा पाय आता धर, तो सोड, असे सांगत बसता येत नाही. जे सांगायचे ते साऱ्यांना एकदम सांगावे लागते. ली यांच्या गटाने यावर जी तोड काढली, ती मला या विषयातली सर्वांत देखणी कल्पना वाटते. त्यांनी रेणूला दोन वेगळ्या जातींचे पाय दिले. एक पाय नत्राच्या बंधाने रस्त्याला धरतो, दुसरा गंधकाच्या. द्रावण आम्ल केले की नत्राचा बंध सैल होतो आणि गंधकाचा कुलूपबंद राहतो. द्रावण आम्लारी केले की उलटे. म्हणजे आम्लात एक पाय जागा शोधत फिरतो आणि दुसरा त्याला धरून ठेवतो. आम्लारीत दुसरा फिरतो आणि पहिला धरतो. दोन्ही सुटतील असा क्षणच या व्यवस्थेत येत नाही. चालणाऱ्या रेणूत अणू किती? अवघे २१.

रस्त्यावर चार पायठाणे होती. रेणूंना एका टोकाला उभे करून आम्ल आणि आम्लारी आलटून पालटून देण्यात आले. चालणारा डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय अनुस्पंदनाच्या आलेखांतून किती रेणू कुठल्या पायठाणावर आहेत, एवढेच वाचता येते. आलेखांनी सांगितले की रेणू चालत आहेत आणि रस्ता सोडत नाहीत. पण जितके पुढे जातात, तितकेच मागेही येतात. पहिला प्रश्न सुटला होता, दुसरा जागच्या जागी होता. आम्ल-आम्लारीच्या खेळात मोकळ्या पायाला पुढचे आणि मागचे पायठाण सारखेच गोड. मग त्यांनी गंधकाचा पाय सोडवण्याची रीतच बदलली. आम्लारीऐवजी बंध तोडणारे रसायन द्यायचे, मग पुन्हा जोडणारे. त्या घाईच्या जोडणीत पायाला जवळचे, सोयीचे पायठाण लाभते आणि ते पुढच्या बाजूला पडते. आता बहुतेक रेणू एकाच दिशेने सरकू लागले. २०१०च्या आरंभी 'नेचर केमिस्ट्री'त हा निबंध आला. पुढच्याच वर्षी त्याच गटाने रस्त्यातच प्रकाशाने वळणारा तुकडा बसवला. प्रकाश टाकताच तिथे ताण येतो आणि चालणारा ताणापासून दूर जातो. दिशा आता हवी तशी ठरवता येऊ लागली, पुढे किंवा मागे.

२०१०च्या मे महिन्यात डीएनएच्या चालणाऱ्यांनीही मोठी झेप घेतली. 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एकात मिलान स्टोयानोविच, हाओ यान, एरिक विनफ्री आणि निल्स वॉल्टर यांच्या गटांचा डीएनए कोळी होता. तीन पायांनी तो रस्त्यावरचे खुंट कापत जातो. कापलेल्या खुंटावर पकड बसत नाही, म्हणून पुढचाच रस्ता उरतो. डीएनएची घडी घालून बनवलेल्या जमिनीवर तो सुमारे १०० नॅनोमीटर चालला, वळणे घेत, आखून दिलेल्या खुणेवर थांबत. दुसरा निबंध सीमन यांचा. त्यांच्या चालणाऱ्याला चार पाय आणि तीन हात होते. वाटेत तीन ठिकाणी सोन्याचे कण ठेवलेले होते आणि कुठे उचलायचे, कुठे नाही, हे ठरवून आठ वेगवेगळ्या जुळण्या बनवता येत होत्या. ऑल्बनीच्या मद्यालयात मासे आठवणाऱ्या माणसाने ३० वर्षांनी रेणूंच्या जगात कारखान्याची ओळ उभी केली होती. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये सीमन गेले.

या सगळ्यात वेगाची गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कायनेसिन एका सेकंदात १०० पावले टाकते. २०१७ साली लुलू चियान यांच्या प्रयोगशाळेत अनुपमा तुबगेरे यांनी ५३ अक्षरांचा डीएनए यंत्रमानव केला. दोन प्रकारच्या चमकत्या रेणूंची सरमिसळ उचलून तो त्यांना आपापल्या जागी लावतो. एक पाऊल ६ नॅनोमीटरचे आणि त्याला ५ मिनिटे. सहा रेणू लावायला सुमारे ३०० पावले, म्हणजे एक पूर्ण दिवस. त्याला इंधनही लागत नाही, दिशाही नाही. तो नुसता भटकतो आणि भटकता भटकता काम उरकतो. ली यांच्या गटाने २०१३ साली रस्त्यावरून सरकत जाऊन तीन अमिनो आम्ले जोडणारे यंत्र बनवले. त्याला ३६ तास लागले. आपल्या पेशीतले रायबोसोम तेवढे काम एका सेकंदाच्या अंशात करते. तरीही या माणसांनी काम सोडले नाही, आणि मला त्यांच्या आकड्यांपेक्षा त्या चिकाटीचेच अधिक कौतुक वाटते. प्रथिनांचे तुकडे जोडून चालणारा घडवण्याचा एक बेत २००९च्या सुमारास कागदावर आला होता. त्याच शोधयात्रेतला एक चालणारा, समोरचे गवत कापत पुढे सरकतो म्हणून 'लॉनमोअर' म्हटला गेलेला, २०२४ साली खरोखर चालल्याचे सिद्ध झाले.

मधल्या काळात जपानमध्ये केनया फुरुता यांच्या गटाने एक वेगळीच गाठ मारली. त्यांनी डायनीनचे इंजिन तसेच ठेवले आणि सूक्ष्मनलिकेला धरणारा त्याचा तळवा काढून टाकला. त्या जागी डीएनएला धरणारी प्रथिने बसवली. रस्ता म्हणून दिली डीएनएची नळी, तिच्यावर ठरावीक अंतराने ठरावीक अक्षरे लिहिलेली. २०२२ साली 'सायन्स'मध्ये त्यांनी दाखवले की, हे जोडरेणू त्या नळ्यांवरून चालतात. कुठल्या प्रथिनाचा तळवा कुठली अक्षरे ओळखतो, ते ठरलेले असल्याने रस्त्यावरचा मजकूर बदलून माल वेगवेगळ्या फाट्यांवर वळवता येतो, किंवा वेगवेगळ्या फाट्यांवरून आलेला माल एका रस्त्यावर आणता येतो. ज्या डायनीनच्या ढांगा मल्लिक यांनी मोजल्या होत्या, त्याच कुळातले इंजिन आता सीमन यांच्या साहित्याने बांधलेल्या रस्त्यावर पावले टाकत आहे.